वरचा एक

३ जानेवारी २०२६, शनिवार

पोकर खेळून आले. पैशांचा खेळ नाही, हे आधी लिहून ठेवते. प्लास्टिकच्या चकत्या असतात. पांढरी एकाची, लाल पाचाची, हिरवी पंचविसाची. सुरुवातीला सगळ्यांना सारख्या मिळतात, आणि शेवटी ज्याच्याकडे सर्वांत कमी उरतात तो सगळ्यांची जेवणाची भांडी घासतो. आज मी घासली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला, मंदारच्या घरी दर शनिवारी तिघं खेळायला बसतात: मंदार, त्याची बहीण गौरी आणि त्यांची आई, अलकाकाकू. मंदारचे बाबा तो बारावीत असताना गेले. लॉकडाऊनमध्ये आईचा वेळ जावा म्हणून मंदारनं त्यांना हा खेळ शिकवला, आणि आता त्या दोन्ही मुलांना गारद करतात. मंदारचं स्थळ नोव्हेंबरात आलं. दोन्ही घरांनी ठरवलं की घाई नको, मुलांनी भेटावं, बोलावं आणि फेब्रुवारीअखेर काय ते सांगावं. म्हणून मी हे शिकते आहे. ज्या घरात जायचं, त्या घराचा खेळ यायला हवा.

माझी एकच अट आहे. लग्नानंतर आमच्या नारायणगुड्यापासून फार लांब राहायचं नाही, कारण माझे वडील, अण्णा, एकटे पडतील. हे मंदारला सांगून झालं आहे. वरचं वाक्य खरं नाही. सुचवून झालं आहे. नीट सुचवलंही नाही.

खेळ असा: दोन पत्ते हातात, ते कुणाला दाखवायचे नाहीत. पाच पत्ते मधे, हळूहळू उघडतात. प्रत्येक टप्प्यावर चकत्या लावायच्या किंवा पत्ते टाकून द्यायचे. इथवर समजलं. पण किती लावायच्या याला नियमच नाही. गौरीला विचारलं तर म्हणाली, "तुला वाटेल तितक्या." हे उत्तर झालं का?

मी मोजत बसले तेव्हा काकू म्हणाल्या, "शर्वरी, बोली लावतेस की आहेराचं पाकीट भरतेस? कार्य उरकेल ना गं तोवर."

४ जानेवारी

हातात काही नसताना मोठी बोली लावून समोरच्याला पळवायचं, याला ब्लफ म्हणतात. मंदार म्हणतो ते खोटं बोलणं नाही. मला सकाळपासून ते पटत नाहीये.

मला सातवीपर्यंत आईनं घरीच शिकवलं. दमा होता म्हणून शाळा नव्हती. कुठलंही उत्तर दिलं की आई विचारायची, "खात्री की अंदाज?" अंदाज असेल तर चूक झाली तरी ती रागावायची नाही. पण खात्री म्हणून चुकीचं सांगितलं तर दिवसभर बोलायची नाही. आता ती नाही, आणि मी अठ्ठावीस वर्षांची आहे, तरी कुणी नुसती वेळ विचारली तरी मनात आधी तो प्रश्न येतो.

१० जानेवारी, शनिवार

आजपासून माझ्या बोल्या लिहून ठेवणार आहे. न लिहिता काही शिकता येतं यावर माझा विश्वास नाही.

दोन राजे आले. एकवीस लावले. तिघांनी पत्ते टाकले.
काहीच नव्हतं. मंदार म्हणाला धाडस कर, म्हणून वीस लावले. त्यानंही लगेच वीस लावले आणि जिंकला.
एक्का आणि मधे दोन एक्के. एकावन्न लावले. पुन्हा तिघांनी टाकले. इतके चांगले पत्ते वाया गेले.
काही नव्हतं. तीस लावले. काकूंनी माझ्याकडे न बघताच तीस ढकलले.

नशीब वाईट आहे, की माझा चेहरा? पण क्लिनिकमध्ये माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, ते माझं कामच आहे. ऐकण्याची तपासणी करताना आवाज कधी सोडला हे पेशंटला चेहऱ्यावरून कळता कामा नये.

दार उघडलं तेव्हा गौरी आतून म्हणाली, "सव्वा आली." घड्याळात सव्वासात. सातला यायचं ठरलं होतं. बस क्लिनिकपाशी, कोठीलाच अडकली होती. शरम वाटली.

भांडी मीच.

१४ जानेवारी

संक्रांत. अण्णांना हल्ली स्वयंपाकाची हौस आली आहे. काल त्यांनी कुकर लावला, आज शेजारच्या एकनाथरावांना फोन करून विचारत होते की तूरडाळीला पाणी किती. फ्रिजवर गॅस बुकिंगचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. निवृत्तीनंतर माणसाला छंद हवाच. मी म्हटलं, "अण्णा, कशाला त्रास घेता, मी आहे ना." ते म्हणाले, "असू दे, बेटा."

क्लिनिकच्या डॉक्टर सुनीता पुन्हा म्हणाल्या की नोकरीचा नवा करार तयार आहे, दोन वर्षांसाठी, सही कर. मी म्हटलं, महिन्याभरात सांगते. कोंडापूरहून कोठीला रोज येणं जमेल की नाही, कुणास ठाऊक.

१७ जानेवारी, शनिवार

पावणेसातलाच पोचले. पंधरा मिनिटं त्यांच्या सोसायटीच्या बागेत बसून बरोबर सातला बेल वाजवली. गौरी म्हणाली, "आली सव्वा, वाटा पत्ते." मी घड्याळ दाखवलं. ती आणि काकू इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मंदारनं त्यांना डोळ्यांनी दटावलं. तो हळवा आहे.

एकतीस लावले, दोन राण्या होत्या, सगळे पळाले. चाळीस लावले, हातात काही नव्हतं, मंदार पत्ते न टाकता थांबला आणि जिंकला. मला मनातून वाटतं की तो माझ्यासाठी थांबतो. म्हणजे मी एकटी पडू नये म्हणून. मूर्खपणा आहे, पण मनात आला म्हणून लिहिला.

भांडी घासताना काकू बाजूला येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लोक म्हणतील, लग्नाआधीच सुनेला कामाला जुंपलं. पण नियम म्हणजे नियम." मग हळूच, "तू फार सरळ आहेस गं." मला ते कौतुक वाटलं. आता नक्की सांगता येत नाही.

२२ जानेवारी

मंदारबरोबर नामपल्लीला नुमाइशच्या प्रदर्शनात गेले. गर्दी, धूळ, काश्मिरी शालवाले. मनाशी ठरवून गेले होते की आज सांगायचं. आकाशपाळण्याजवळ उभे असताना म्हटलं, "नारायणगुड्याच्या जवळपास फ्लॅट बघायला हरकत नाही, नाही का?"

तो म्हणाला, "हरकत काय, बघू."

आणि मग आम्ही मिरची भजी खाल्ली. घरी येईपर्यंत मी स्वतःला सांगत होते की सांगितलं. मग आईचा प्रश्न आठवला. माझा तो खात्रीचा सूर नव्हता. अंदाजाचाही नव्हता. पाळण्याच्या आवाजात त्याला पुरतं ऐकू तरी गेलं का?

२४ जानेवारी, शनिवार

आज गौरीला माझी दया आली. चहा गाळताना स्वयंपाकघरात म्हणाली, "हे बघ, हातातले पत्ते बघून आकडा ठरवू नकोस. मधला ढीग बघ. ढिगाच्या अर्धं लाव, नाहीतर पाऊण. पत्ते चांगले असोत की भिकार, तेवढंच. मग कुणाला काय कळणार?"

मी म्हटलं, "पण मग माझ्या बोलीला अर्थ काय राहिला?"

ती गाळणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तो अर्थ तुझ्यापाशी ठेव ना. आम्हाला कशाला सांगतेस?"

परत येताना मेट्रोत हाच विचार. तपासणीत मी आवाज पाच-पाच डेसिबलनं वाढवते, दहानं कमी करते, आणि चेहरा दगडासारखा. त्याला मी खोटं म्हणत नाही. माझा चेहरा बोलला तर तपासणी बिघडते. मग इथे काय वेगळं आहे? पण आजही मला तसं जमलं नाही. चांगले पत्ते आले की हात आपोआप चालतो.

२५ जानेवारी

आता कळलं.

गौरीच्या बोलण्यावरून सगळ्या बोल्या एका कागदावर मांडल्या. एकूण चौतीस. चौदा बोल्या एकवर संपतात: अकरा, एकवीस, एकतीस, एकावन्न. त्या चौदाही वेळा माझे पत्ते चांगले होते. वीस बोल्या शून्यावर संपतात, आणि त्या वीसही वेळा माझ्या हातात काही नव्हतं. एकही अपवाद नाही.

आहेराच्या पाकिटात शंभर कधी घालायचे नाहीत, एकशे एक. वरचा एक म्हणजे मनापासून, आई म्हणायची. शून्यावर थांबलेलं देणं म्हणजे नुसतं देऊन टाकणं. मनापासून लावलं की मी वर एक पांढरी चकती ठेवत होते, आणि खोटं लावताना ती ठेवायला हात धजत नव्हता. मला हे ठाऊकच नव्हतं. पण समोरच्याला दोन शनिवारांत कळण्यासारखं आहे.

सव्वा म्हणजे सव्वासात नव्हे. सव्वा रुपया. दक्षिणा.

तिघांनाही ठाऊक आहे. मंदारलाही. तो माझ्यासाठी थांबत नव्हता. शून्य बघून थांबत होता.

कान गरम झाले आहेत. गच्चीवर चार फेऱ्या मारून आले, पाचवीला एकनाथराव भेटले म्हणून खाली आले.

२९ जानेवारी

रोज ठरवते की शनिवारी सरळ सांगून टाकायचं, मला कळलं. रोज दुसरंही काही मनात येतं. ते लिहीत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

केलं.

हातात दुरी आणि सत्ती. मधे त्यांना लागून काहीच नाही. ढिगात सत्तर. मी दोन हिरव्या ठेवल्या, पन्नास. मग एक पांढरी उचलली आणि वर ठेवली. पेला ठेवतात तसा आवाज आला.

गौरीनं टाकले. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि टाकले. मंदार जरा रेंगाळला, मग हसून त्यानंही टाकले. म्हणाला, "तुझ्याशी कोण भांडणार." त्याच्याकडे तीन दश्श्या होत्या.

पत्ते दाखवायची सक्ती नव्हती. मी दाखवले. लपवले असते तर झोप लागली नसती.

गौरीनं वाकून दुरी आणि सत्ती पुन्हा बघितली. मग काकू हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "घ्या. शेराला सव्वाशेर भेटली." गौरीनं माझ्या पाठीवर थाप मारली, "सॉरी गं, आम्ही फार दिवस हसलो." भांडी मंदारला घासायला लागली.

तो मला मेट्रोपर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं."

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"दुसऱ्या शनिवारपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बरं वाटायचं. ऑफिसात दिवसभर हिशेब तपासून लोक काय लपवतात ते शोधायचं, आणि तुझं सगळं समोर. तुझ्याबाबतीत मला कधी अंदाज करावा लागला नाही."

मेट्रो आली. गाडीत बसल्यावर जाणवलं की तो माझी चूक तीन आठवडे वापरत होता, आणि मी ती एकदा वापरली तर त्याला दुखलं. त्याला दुखलं याचं मला वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आणि नुमाइशमध्ये मी म्हटलं होतं, "हरकत नाही, नाही का?" त्याला तिथेही शून्यच ऐकू आलं असणार.

२ फेब्रुवारी

फोन केला. आधी कागदावर लिहून घेतलं होतं. "मंदार, अण्णांसाठी मला नारायणगुड्यापासून वीस मिनिटांच्या आत राहायचं आहे. ही अट आहे."

तो म्हणाला, "चाळीस चाललं तर? अमीरपेटला बघू. दोघांनाही अर्ध्यावर."

त्याला वाटलं मी वरचा आकडा सांगून सुरुवात करते आहे आणि खाली येईन. त्याचं काय चुकलं? परवाच तर मी त्याला दाखवलं की मी तसंही करू शकते. मी म्हटलं, "वीस." तो म्हणाला, "बघू." मी "बरं" म्हटलं नाही, एवढंच केलं.

४ फेब्रुवारी

अण्णांना सांगितलं, अट घातली आहे, तुम्हाला एकटं टाकून जाणार नाही. वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी गॅस बारीक केला. "दोन महिने वरणभात, भाजी, पोळी शिकतोय. ते कशासाठी असं वाटलं तुला? हौस म्हणून?"

मी ताटं घेतली.

"मला एकटं राहता येतं हे तुला दिसावं म्हणून चाललंय सगळं. आणि तू माझं नाव पुढे करून त्या मुलाला अडवून ठेवलंस." ते रागावले की आवाज चढत नाही, उतरतो. "यात माझ्यासाठी किती आणि तुझ्यासाठी किती, ते एकदा बघ. आणि माझ्यासाठी असेल तेवढं काढून टाक. मी ते घेणार नाही."

"पण अण्णा, तुमचा बीपी..."

"बीपीला गोळी आहे. तुझं बोल."

पोळ्या कडक झाल्या होत्या. आम्ही त्या वरणात कुस्करून खाल्ल्या.

५ फेब्रुवारी

खात्री की अंदाज?

अण्णांचं सगळं काढून टाकलं. काय उरेल याची भीती होती. वाटलं होतं काहीच उरणार नाही आणि मला कोंडापूरला जावं लागेल.

पण बरंच उरलं. मला सकाळी चालत कोठीला जायचं आहे. बडी चौडीच्या बाजारातून जाताना भाज्यांच्या वासानं त्रासायचं आहे. ती काचेची खोली, हेडफोन, समोर कुणीतरी डोळे मिटून कान देऊन बसलेलं, ते मला सोडायचं नाही. रोज दीड तास जाऊन आणि दीड तास येऊन मी ते दोन वर्षं करेन आणि मग सोडेन, हे मला ठाऊक आहे. मला जायचं नाहीये. अण्णा नसते तरी जायचं नसतं.

हे लिहिताना अपराधी वाटतं आहे. अण्णांसाठी म्हटलं की कसं चांगलं दिसत होतं.

६ फेब्रुवारी

करारावर सही केली. डॉक्टर सुनीता म्हणाल्या, "घरी विचारलंस?" मी म्हटलं, "विचारायचं काही नव्हतं." बाहेर आल्यावर नारळपाणी प्यायले.

आधी सही करून मग मंदारला सांगणं बरोबर आहे का? त्याला विचारून केली असती तर माझा आकडा त्याच्या चेहऱ्याकडे बघून बदलला असता. म्हणून आधी केली. बरोबर आहे की नाही ते अजून ठरत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच मंदारला नारायणगुड्याला बोलावलं. इराणी हॉटेलात बसलो. कागद नेला नव्हता.

म्हटलं, "मी कोठीची नोकरी सोडणार नाही आणि इथून लांब राहायला जाणार नाही. अण्णांचं नाव मी उगाच घेतलं, त्यांना माझी गरज नाही. मलाच हवं आहे. दोन वर्षांच्या करारावर काल सही केली."

त्यानं बशी सरळ केली. "मग मला बोलायला काय ठेवलंस?"

"हो किंवा नाही."

"हे नोव्हेंबरात का नाही सांगितलंस?"

"नोव्हेंबरात मलाच माहीत नव्हतं."

त्यानं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. तो शोधतो आहे हे मला कळत होतं, कुठे काही वर ठेवलं आहे का, कुठे कमी आहे का. मी चहा पीत राहिले. शेवटी म्हणाला, "बुधवारी सांगतो." आज बघू म्हणाला नाही.

पोकरला गेले नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

९ फेब्रुवारी

काही नाही. दोनदा फोन हातात घेतला की म्हणावं, अमीरपेट चालेल. दोनदा ठेवला. खरं म्हणजे पाचदा.

११ फेब्रुवारी, बुधवार

मंदार स्वतः आला, क्लिनिक सुटायच्या वेळी. पुस्तकांच्या दुकानांच्या बाजूनं चालत राहिलो, कारण उभं राहायला जागा नव्हती.

म्हणाला, "नाही जमणार. आई म्हणते जा. मलाच नाही जमणार."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही, गोड केलं नाही. आजवर त्यानं मला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, "तुझा राग नाही." मी म्हटलं, "माझाही नाही." माझा थोडा आहे.

घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. अण्णांना ऐकू गेलं असणार, पण त्यांनी दार वाजवलं नाही. बाहेर आले तर ताट वाढलेलं होतं.

रात्री काकूंचा फोन. "मुलांचं मुलांपाशी. तू शनिवारी ये गं. तुझ्याशिवाय कंटाळवाणं होतं. गौरीचं तोंड बघूनच कळतं हातात काय आहे ते."

मी म्हटलं, "नको, काकू. सध्या नको."

त्या म्हणाल्या, "ठीक." आणि मग, "सरळ ते सरळच आहेस तू."

१२ फेब्रुवारी

झोप नीट झाली नाही. सकाळी पहिलेच पेशंट याकुतपुऱ्याचे एक चाचा, बहात्तर वर्षांचे, मुलगा बाहेर बसलेला. त्यांना सांगितलं, आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी. तपासणी सुरू केली. ते छान दाबत होते. इतकं छान की मला शंका आली. मी आवाज बंद करून नुसतंच त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हसून बटण दाबलं.

काचेच्या खोलीत जाऊन त्यांचे हेडफोन काढले. कानाशी वाकून विचारलं, "चाचा, आवाज सच्ची आया क्या?"

ते ओशाळले. "नै मां. तुम इत्ता प्यार से देख रे थे, नै कैसा बोलूं?"

"नै बोले तो भी चलता, चाचा."

त्यांनी मान हलवली, टोपी नीट केली. मी पुन्हा हेडफोन लावले, बाहेर येऊन बसले आणि तपासणी पहिल्यापासून सुरू केली.